मकरानची लाट कोणत्या तिथीला येईल?

बोईसरला भूकंपाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं धुंदलवाडीचं. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे, डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, जमीन हादरायला लागली, ती महिनोन्‌महिने हादरतच राहिली. १ फेब्रुवारी २०१९ ला चारच्या थोडा वरचा धक्का बसला आणि घाबरून झालेल्या पळापळीत एक लहान मुलगी गेली. लोक थंडीत घराबाहेर झोपले, सरकारने तंबू दिले, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची (एनजीआरआय) माणसं यंत्रं घेऊन आली. मी इथे अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. त्या वर्षी तिकडून येणारी मुलं पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकायची. रात्र अंगणात जागून काढलेली असायची. तेव्हापासून भूकंपाचा धडा आला की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, तिकडे मोठा झाला तर इकडे तारापूरला त्सुनामी येईल?"

नाही येणार. तलासरीचे धक्के जमिनीखालचे आहेत, दख्खनच्या काळ्या खडकाच्या मुलखातले आणि लहान. त्सुनामी यायला समुद्राचा तळच मोठ्या लांबीत उचलला किंवा खचला जावा लागतो, म्हणजे वरचं सगळं पाणी जागचं हलतं. शिवाय भूकंपाच्या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. चार अंक वाढले की दहा लाख पट. ४.१ आणि ८.१ हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले की फरक लहान वाटतो, म्हणून मी मुलांना हा गुणाकार करायलाच लावते.

पण उत्तर "नाही" म्हणून तास संपवता येत नाही. तारापूरला त्सुनामी येऊ शकते. ती यायची दिशा वेगळी आहे, वायव्येची.

आपल्या किनाऱ्यावरून वायव्येला ८०० किलोमीटरच्या पुढे, कराचीच्या पश्चिमेपासून होर्मुझच्या सामुद्रधुनीपर्यंत मकरानचा किनारा आहे. अर्धा पाकिस्तानात, अर्धा इराणात. तिथे अरबी समुद्राचा तळ वर्षाला साधारण दोन ते चार सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडच्या युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकत जातो. जिथे एक भूपट्ट असा दुसऱ्याखाली जातो, त्या पट्ट्याला सबडक्शन झोन म्हणतात. जगातले सगळ्यात मोठे भूकंप याच पट्ट्यांत झालेत: चिली १९६०, अलास्का १९६४, सुमात्रा २००४, जपान २०११. दोन पट्ट जिथे घासतात ती जागा अडकून बसते, खालचा सरकत राहतो, वरच्याची कड दबत जाते, आणि शंभर, पाचशे, कधी हजार वर्षांनी ती अडक सुटते. त्या क्षणी समुद्रतळ उसळतो.

मकरानचा पट्टा या घराण्यात जरा विचित्र आहे. इतर ठिकाणी अशा पट्ट्यासमोर खोल सागरी गर्ता असते. इथे ती दिसतच नाही, कारण नद्यांनी आणून टाकलेला गाळ तळावर सात किलोमीटर जाडीचा साचलाय. मिठागरात लाकडी फळीने मीठ ओढताना फळीपुढे ढीग चढत जातो, तसा हा गाळ वरच्या पट्टाच्या कडेशी खरवडला जाऊन ढिगावर ढीग चढलाय. त्या ढिगाचा वरचा भाग समुद्राबाहेर आला, तोच मकरानचा डोंगराळ किनारा. ग्वादर बंदर त्यावर आहे आणि चाबहारही. चाबहारचं टर्मिनल दहा वर्षं चालवण्याचा करार भारताने मे २०२४ मध्ये केला, तेव्हा वर्तमानपत्रांत व्यापाराचे नकाशे आले. तेच बंदर भूशास्त्राच्या नकाशावर कुठे बसलंय, हे मी मुलांना दुसऱ्या दिवशी दाखवलं. सप्टेंबर २०१३ मध्ये आवारानला ७.७ चा भूकंप झाला, तेव्हा ग्वादरसमोर समुद्रातून चिखलाचं एक बेटच वर आलं होतं.

या पट्ट्याच्या पूर्व भागात, पसनीजवळ, २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला ८.१ चा भूकंप झाला. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तुटल्या. मकरानच्या किनाऱ्यावर गावं गेली. मृतांचा ४००० हा आकडा पुस्तकांत फिरतो, त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुंबईला सकाळी सव्वाआठच्या सुमाराला सुमारे दोन मीटरची लाट आल्याची नोंद सांगतात. पंधरा माणसं वाहून गेली, त्यातली पाच वर्सोव्याला आणि सहा हाजीअलीला. दांडा आणि जुहूला मच्छीमारांच्या होड्या दोर तुटून गेल्या. मी वाचलेल्या कुठल्याच नोंदीत सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू ही नावं नाहीत. इथे लाट आली नाही असा त्याचा अर्थ मी काढत नाही. मुंबईत बातमीदार होते, भरतीमापक यंत्र होतं. इथे त्या सकाळी बायका पाट्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या असतील आणि पाणी वेड्यासारखं आलं-गेलं, एवढंच घरी येऊन बोलल्या असतील.

भूकंपानंतर पाच तासांच्या घरात ही लाट मुंबईला पोचली. इतका वेळ का, हे साध्या गणितात बसतं. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन किलोमीटर खोल समुद्रात ती ताशी ६०० किलोमीटरच्या पुढे धावते. पन्नास मीटर खोलीवर तिचा वेग ताशी ८० वर येतो. आणि आपल्यासमोरचा उथळ समुद्र देशात सगळ्यात रुंद आहे, मुंबई ते खंबातच्या आखातापर्यंत तो ३०० किलोमीटरच्या आसपास पसरलाय. खोल पाणी लाट तास-दीड तासात ओलांडते आणि उरलेले तीन तास आमच्या उथळ दर्यात रांगत येते. मोठ्या होड्यांना दूर नांगरायला लावणाऱ्या ज्या उथळ पाण्याला आमचे लोक शिव्या घालतात, तेच पाणी इथे आपल्याला वेळ देतं.

फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर, मार्च २०११ मध्ये, तारापूरच्या अणुकेंद्राचं नाव पुन्हा सगळीकडे आलं. साहजिक होतं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ च्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, फुकुशिमाच्या जुन्या भट्ट्यांच्याच घराण्यातल्या. अणुऊर्जा नियामक मंडळाने तेव्हा समिती नेमून देशातल्या सगळ्या केंद्रांची पाहणी केली. दोन्हीकडची तुलना करताना एक गोष्ट मात्र सोडून देता येत नाही. फुकुशिमाला भूकंपानंतर पाऊण-एक तासात लाट आली, आणि केंद्राखालची जमीनही त्याच भूकंपाने हादरलेली होती. तारापूरला मकरानचा हादरा नुकसान करण्याइतका पोचणार नाही, आणि लाटेला तास लागतील. मला स्वतःला जास्त काळजी वाटते ती कुंपणाबाहेरच्यांची: नवापूर, आलेवाडी, नांदगाव, घिवली, उच्छेळी, दांडी, मुरबे. जेट्टीवर झोपणारे खलाशी, पहाटे वाळवणावर गेलेल्या म्हाताऱ्या, औद्योगिक वसाहतीतून खाडीपर्यंत आलेले पाइप आणि टाक्या.

माझे काका तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, होते. पंचांग त्यांना चतुर्थी-एकादशीसाठी लागायचं नाही, भरतीसाठी लागायचं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हे सगळ्या कोकणात माहीत आहे. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी ना फार चढत ना फार उतरत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, आणि आमच्याकडे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास खाली-वर होतं.

१९४५ च्या त्या सकाळी तिथी कोणती होती? पौर्णिमा १९ नोव्हेंबरला झाली होती. म्हणजे २८ ला कार्तिक वद्य अष्टमी-नवमी. भांग. काकांच्या हिशेबाने भरती सहा ते पावणेसातच्या दरम्यान पूर्ण झाली असणार, आणि सव्वाआठला पाणी उतरणीला लागलेलं. मुंबईला आलेली लाट भांगाच्या, ओसरत्या पाण्यावर आली होती. तीच लाट कोजागरीच्या दुपारी बाराला आली तर तिला पायाखाली मीटरभर तरी उंच पाणी मिळेल. आणि उधाणाच्या पूर्ण ओहोटीला आली तर आमच्या गावात ती चिखलावरच विरून जाईल, कोणाला दिसेल न दिसेल. एकच भूकंप, एकच लाट. निकाल तिथीवर.

म्हणून मला वाटतं, मकरानच्या धोक्याचं संशोधन आखायला बसलात तर ते दोन टोकांनी आखावं लागेल. एक टोक तिकडे, पसनी आणि चाबहारच्या समुद्रतळाशी. दुसरं इथे, खाडीच्या तोंडाशी. तिकडचं काम एकटा भारत करू शकत नाही, कारण तो समुद्र आपला नाही. इकडचं काम बाहेरचं कोणी करणार नाही.

तिकडे काय शोधायचंय? १९४५ चा भूकंप पूर्व मकरानचा. पश्चिम मकरान, म्हणजे इराणकडची बाजू, इतिहासात जवळजवळ गप्प आहे. असं गप्प राहण्याची दोन कारणं असू शकतात. एक तर तिथले पट्ट न अडकता हळूहळू घसरतायत, मग धोका कमी. किंवा ते घट्ट अडकलेत आणि शतकानुशतकांचा ताण साठवतायत, मग दोन्ही भाग एका वेळी सुटले तर नऊच्या आसपासचा भूकंप होऊ शकतो. जमिनीवरच्या जीपीएसने याचं उत्तर अर्धवट मिळतं, कारण अडकलेली जागा समुद्राखाली आहे. तळावर भूकंपमापक ठेवावे लागतात, तळाची हालचाल मोजणारी यंत्रं ठेवावी लागतात, वर्षानुवर्षं. जपानने ते केलंय. मकरानला असं काही करायचं तर जहाज एका देशाचं, समुद्र दुसऱ्याचा आणि नौदलाच्या परवानग्या तिसऱ्याच टेबलावर.

१९४५ च्या लाटेचंही कोडं पूर्ण सुटलेलं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी कराची आणि मुंबईच्या भरतीमापकांचे जुने कागद काढून २०११ मध्ये दाखवलं की मकरानच्या उथळ कडेत लाटा अडकून घुमत राहतात, म्हणून मोठी लाट पहिली नसते, ती तासांनी येऊ शकते. दुसरे काही अभ्यासक म्हणतात की नुसत्या भूकंपाने हिशेब जुळत नाही, समुद्राखाली दरडही कोसळली असणार. सामान्य माणसाला यातून एक गोष्ट कामाची: पहिली लाट येऊन गेली म्हणून होडी बघायला किनाऱ्यावर उतरायचं नाही. २००४ च्या त्सुनामीत अनेक जण तसेच गेले.

आणि १९४५ च्या आधी? इथे रत्नागिरी जिल्ह्यातलं केळशी येतं. दापोली तालुक्यातल्या या गावात समुद्राकडेला वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्या पोटात शिंपल्यांचा, भांड्यांच्या तुकड्यांचा एक थर सापडला, वाऱ्याने साचणाऱ्या वाळूत न शोभणारा. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी या टेकडीचा अभ्यास केला होता. पुढे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हा थर मध्ययुगातल्या एका त्सुनामीचा असू शकतो, आणि त्यांनी बोट ठेवलं १५२४ या सालावर. त्या वर्षी वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. दाभोळच्या समोर त्याच्या जहाजांखाली समुद्र हादरला, खलाशी भेदरले, आणि पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवलं की गामाने त्यांना धीर देताना, हा समुद्रच आपल्याला भिऊन कापतोय, असं सांगितलं. तीन महिन्यांनी तो कोचीला मेला.

अशा लाटेला अभ्यासक अनाथ त्सुनामी म्हणतात: लाटेची खूण आहे, तिला जन्म देणारा भूकंप सापडत नाही. जपानमध्ये अशीच एक होती. जानेवारी १७०० मध्ये लाट आली, गावच्या दप्तरांत भाताची, घरांची नुकसानी लिहिली गेली, पण भूकंप कोणाला जाणवला नव्हता. तीनशे वर्षांनी तिचे आईबाप सापडले पॅसिफिकच्या पलीकडे, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर. ब्रायन अ‍ॅटवॉटर यांनी तिथल्या खाड्यांत खारं पाणी शिरून उभी मेलेली झाडं आणि त्यावर वाळूचा थर शोधला. केन्जी साताके यांनी जपानी नोंदींवरून वेळ मोजत मागे जाऊन २६ जानेवारी १७०० ची रात्र काढली. आणि झाडांच्या वर्तुळांनी सांगितलं की ती त्याच हिवाळ्यात मेली. एका देशाचा चिखल आणि दुसऱ्या देशाचं दप्तर एकत्र आलं नसतं तर हा शोध लागलाच नसता. त्याआधी त्या किनाऱ्याला मोठा भूकंप होतच नाही, असं मानणारे खूप होते.

केळशीच्या लाटेचा जन्मदाता अजून ठरलेला नाही. मकरान हा संशयित आहे. ओमानच्या किनाऱ्यावर समुद्रातून उचलून टाकलेले प्रचंड खडक सापडलेत, त्यावरून तिथले अभ्यासक सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या लाटेबद्दल बोलतात. केळशीचं सोळावं शतक, ओमानची हजार वर्षं आणि १९४५ या तीन तारखा एका साखळीतल्या आहेत की तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे इराण, पाकिस्तान, ओमान आणि भारत यांच्या किनाऱ्यांवरचे थर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

एकत्र बसण्याची सुरुवात झालीय, हे आपल्याकडे फारसं छापून येत नाही. २००४ नंतर युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाखाली हिंदी महासागराची त्सुनामी इशारा यंत्रणा उभी राहिली, आणि तिच्यात मकरानसाठी वायव्य हिंदी महासागराचा वेगळा कार्यगट आहे: भारत, पाकिस्तान, इराण, ओमान, संयुक्त अरब अमिराती. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेत ऑक्टोबर २००७ पासून भारताचं त्सुनामी केंद्र चालतं, आणि ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाबरोबर तेही सगळ्या हिंदी महासागराला इशारा देणाऱ्या तिघांपैकी एक आहे. म्हणजे सीमेवर काहीही चाललेलं असो, मकरानला धरणी हलली की काही मिनिटांत हैदराबादहून सूचना कराचीलाही जाते आणि तेहरानलाही. दर दोन-तीन वर्षांनी आयओवेव्ह नावाची सगळ्या देशांची रंगीत तालीम होते, तिच्यात मकरानचा काल्पनिक भूकंपही घेतला गेलाय. २०१५ मध्ये युनेस्कोने १९४५ मधून वाचलेल्या वृद्धांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं. पसनी-ओर्माऱ्याचे, इराण-ओमानचे म्हातारे त्यात बोलतात. त्या कामात अ‍ॅटवॉटरही होते.

इशारा वाटून घेणं मात्र सोपं. संशोधन वाटून घेणं अवघड, कारण प्रत्येकाला वेगळं हवंय. पसनीच्या माणसाला मिनिटं मिळतात. त्याला हैदराबादच्या सूचनेचा काय उपयोग? त्याला हवं आहे जमीन हलली की उंचावर पळायचं शिक्षण, आणि पळायला रस्ता. मस्कतला हवाय बंदराचा आणि तेलटाक्यांचा हिशेब. आम्हाला वेळ भरपूर आहे, आम्हाला हवीय पाण्याची नेमकी उंची आणि तिथी. एका आराखड्यात हे तिन्ही बसवायचं तर आधी प्रश्न ठरवावे लागतात, मग जागा, मग यंत्रं. उलट क्रमाने केलं तर ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचाच प्रश्न सोडवला जातो. अमेरिकेत सबडक्शन पट्ट्यांच्या मोठ्या कार्यक्रमासाठी शास्त्रज्ञ २०१६ मध्ये बॉयसी शहरात जमले, आणि त्यांना प्रश्न व प्रदेश ठरवायलाच वर्षं लागली. आपल्या कोयनेचं घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, खोल छिद्र पाडून पाहायचं का यावर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली, २०१४ मध्ये दुसरी, आणि गोठण्याचं तीन किलोमीटरचं पथदर्शी छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झालं. सहा वर्षं, तीही एकाच राज्यात, एकाच धरणाशेजारी, भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्तांसारखा पाठपुरावा करणारा माणूस असताना. मकरानला पाच देश आहेत. पण म्हणून असं एकत्र बसणं कमी महत्त्वाचं होत नाही. उलट अशा बैठकांतले कंटाळवाणे ठराव, भूकंपमापकाची माहिती लगेच वाटायची की महिन्याने, खोलीचे नकाशे द्यायचे की नाही, यांवरच पुढचं सगळं उभं राहतं. किनाऱ्यालगतच्या खोलीची मोजणी आपल्याकडेही डेहराडूनच्या नौदल जललेखन कार्यालयाच्या अखत्यारीत येते, आणि ती लाटेच्या गणिताला लागतेच.

आता इकडचं टोक. इथे कोणाची परराष्ट्रनीती आडवी येत नाही, तरी काम पडूनच राहतं. पहिलं काम खाड्यांचं. लाट सरळ किनाऱ्यावर जितकी चढते त्यापेक्षा खाडीत वेगळी वागते. चिंचोळ्या तोंडातून शिरली तर आत वर चढू शकते. तारापूर-चिंचणीची खाडी, मुरबे-सातपाटीची खाडी, डहाणूची खाडी, प्रत्येकीचं तोंड वेगळं, गाळ वेगळा, आणि दर पावसाळ्यानंतर तो बदलतो. पूररेषेचा नकाशा दाखवणाऱ्याला मी पहिलं हेच विचारीन की पाणी कोणत्या पातळीवर धरलंय, भांगाच्या की उधाणाच्या. दुसरं, इथलं वाढवणचं नवं बंदर. त्याला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं, ७६,२२० कोटींचा प्रकल्प, आणि १४४८ हेक्टर भराव समुद्रात पडणार आहे. बंदर व्हावं की नाही यावर आमच्या घराघरांत भांडणं आहेत, इथे ती आणत नाही. पण १४४८ हेक्टर भराव पडल्यावर लाट पूर्वीच्याच वाटेने येणार नाही, हे भूगोलाच्या बारावीच्या मुलालाही कळतं. आज केलेला नकाशा तेव्हा रद्दी होईल, म्हणून नकाशा पुन्हा करायचा खर्च पहिल्याच आराखड्यात धरायला हवा.

तिसरं काम माणसांचं. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोने त्सुनामीसज्ज म्हणून मान्यता दिली. बारा निकष असतात, पळायच्या वाटेच्या पाट्यांपासून चोवीस तास सूचना घेणाऱ्या माणसापर्यंत. आमच्याकडे अणुकेंद्रामुळे आपत्तीच्या तालमी लोकांना नव्या नाहीत. पण त्या तालमीत घरात बसायचं, दारं-खिडक्या लावायच्या असं शिकवलेलं असतं, आणि त्सुनामीत घर सोडायचं असतं. दोन्ही सूचना एकाच भोंग्याने दिल्या तर काय होईल, हे मी एकदा वर्गात विचारलं. मागच्या बाकावरची नांदगावची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचे आजोबा दोन्ही वेळा होडीकडे जातील." हसलो सगळे, पण तिचं बरोबर आहे. खोल समुद्रात असलेल्या होडीला त्सुनामी जाणवतही नाही. किनाऱ्याशी बांधलेली होडी फुटते. पाच तास हातात असताना होड्या बाहेर न्यायच्या की नाही, किती तासांपर्यंत परवानगी द्यायची, ओहोटीला चिखलात रुतलेल्या होड्यांचं काय, याचं उत्तर हैदराबादला नाही. ते सातपाटीच्या तांडेलांबरोबर बसूनच काढावं लागेल, आणि ते संशोधनच आहे, जनजागृती नव्हे.

चौथं काम मला स्वतःला करायचंय, आणि ते स्वस्त आहे. चिंचणीच्या मागे, खाजणात, वर्षानुवर्षांचा चिखल न ढवळता साचलेला असेल अशा जागा शोधायच्या आणि दोन-तीन मीटरची नळी खाली घालून तो थराथराने काढायचा. काळ्या चिखलात मध्येच वाळूचा पातळ पट्टा लागला तर तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. त्यात खोल समुद्रातल्या सूक्ष्मजीवांची कवचं निघाली तर वाळू किनाऱ्यावरची नव्हे, बाहेरून आलेली. वादळही वाळू आणतं, म्हणून एका खड्ड्यावर विश्वास ठेवायचा नाही. केळव्यापासून डहाणूपर्यंत पाच-सहा ठिकाणी तोच थर त्याच वयाचा लागला तर केळशीच्या थराशेजारी ठेवता येईल. थराचं वय काढायला प्रयोगशाळा लागते, नळी घालायला चार धडधाकट मुलं.

मुलं तयार आहेत. परवानग्यांची यादी मी करायला घेतलीय. खाजणाची जमीन महसूल खात्याची असेल तर तहसीलदार. खारफुटी असेल तर वनखात्याचा कांदळवन कक्ष. चिंचणी डहाणू तालुक्यात येते आणि हा तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणालाही विचारावं लागेल का, ते एका वकील मित्राला पाहायला सांगितलंय. दिवस मात्र ठरवून टाकलाय: मार्गशीर्षातली वद्य अष्टमी, दुपारी बारानंतर. भांगाला खाजणात पाणी चढत नाही आणि सायंकाळी सहाच्या भरतीआधी नळ्या बाहेर काढून होतात.